अंतरपाटाआड दोन माईक

लोहारा, १३ सप्टेंबर १९६४

शरणू,

अक्काचा हात डोक्यावर आहे असं समज आणि पुढं वाच.

तुझी पेटी एस.टी.नं सुखरूप पोचली. कंडक्टरला वाटलं आत बांगड्या आहेत, बिचाऱ्यानं मांडीवर धरून आणली. आत गवत, गवतात फडकं, फडक्यात तुझा माईक. तू घर सोडल्यापासून तुझ्या हातची पहिली वस्तू या उंबऱ्याच्या आत आली. मी आधी ती नाकाला लावली. राळेचा वास आला. माझ्या चुलीत सळई तापवून तारांना डाग द्यायचास आणि माझी भाकरी करपवायचास, तोच वास.

सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘गुरुजींच्या समितीला एक माईक घ्यायचाय असं कळलं. माझ्या हातच्या कामाला त्या गावात न्याय मिळणार नाही हे ठाऊक आहे, तरी एकदा शेवटचं बघतो. नापास झाला तर तसं कळवा, मी हा नाद सोडून इथल्या गिरणीत कारकुनी धरतो.’ एवढं लिहिलंस, पण त्यात तुझ्या अण्णांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं नाव नाही. बरं. मीही विचारत नाही.

इथला प्रकार सांगते. राघवेंद्र गुरुजींच्या शाळेला कुणीतरी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर दिला. त्याच्याबरोबरचा माईक वाटेतच मेला. गुरुजींच्या मनात नागूबाईच्या ओव्या धरून ठेवायच्या आहेत. तुला आठवत असेल, सिदू धनगराची बायको, येडशीच्या रामलिंगाकडची. पाऊस सरत आला की मेंढरं घेऊन दोघं आपल्या शिवारात उतरतात. आता तिचं वय झालं. सुनेला विचारलं तर म्हणते, मला रेडिओवरची गाणी येतात. म्हणजे म्हातारीमागं त्या ओव्या संपल्याच.

माईक एकच घेता येणार. सोलापूरच्या दुकानाचे बाबूराव एक विलायती माईक घेऊन आलेत, चांदीच्या गडव्यासारखा चकचकीत. काल आपल्या भोंग्यांच्या दुकानाच्या ओट्यावर दोन्ही लावून बघितले. बाबूरावांचा असा घुमला की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडाले. मग तुझा लावला. आवाज आला, पण बारीक. बाबूराव म्हणाले, “ह्याला म्हंत्यात माईक. आणि ती काय, च्याची गाळणी.”

हो, तोच शब्द. त्यांना कुणी सांगितला होता असं नाही, तुझ्या माईकची जाळीच तशी दिसते. पण गावाला जुनं आठवलं आणि लोक हसले. ज्यानंतर तू घर सोडलंस त्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत तुझा माईक मुका झाला, आणि ‘खेळणं हाय ते, गाळणी हाय’ असं ज्यांनी भर मांडवात म्हटलं, ते तुझे अण्णा काल बॅटरीपाशी बसले होते. हसले नाहीत.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “गुरुजी, एका दुकानातनं शीग लावून पायली घेतली आणि दुसऱ्यातनं सपाट घेतली, तर कुठल्या दुकानाची ज्वारी चांगली ते कसं ठरवाल? पायली तर सारखी भरा.”

“म्हणजे?”

“बाबूरावांच्या येळेला बटण कुठवर फिरवलं होतं आणि ह्याच्या येळेला कुठवर, ते कुणी बघितलं का? मोठ्यानं बोलणारा माणूस खराच वाटतो, गुरुजी. पण त्यो नुसता मोठा असतोय.”

गुरुजी भला माणूस. म्हणाले, “मग शांताक्का, परीक्षेची रीत तुम्हीच घालून द्या.”

आता बघ, तुझ्या शाळेच्या पुस्तकावर बोट ठेवून अक्षर शिकलेली बाई मी, आणि मी परीक्षा लावायची! माझ्या मनात काय आहे ते तुला ठाऊक आहे. म्हणूनच रीत अशी हवी, की तिथं माझ्या मनाचंही काही चालू नये.

अक्का

लोहारा, ५ ऑक्टोबर १९६४

शरणू,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, सुगरणीनं तवा तापायची वाट बघावी. हे अंतर्देशीय पत्र मी मागितलेलं नव्हतं. सकाळी देवळीत ठेवलेलं सापडलं. कुणी आणलं ते तू विचारू नको, मीही विचारलं नाही.

रीत ठरली. ऐक, आणि कुठं खोट दिसली तर लिही.

पहिलं, पायली सारखी भरायची. त्यासाठी मी घंटी वाजवणारं आपलं घड्याळ काढलं. ते रोज सारखंच वाजतं, त्याला आनंद-दुःख नाही. ते माईकपुढं ठरल्या जागी ठेवायचं आणि टेपरेकॉर्डरचा काटा एकाच खुणेवर येईपर्यंत बटण फिरवायचं. रंगीत तालीम घेऊन बटणाच्या कडेला ठिपके दिले, बाबूरावांच्या माईकसाठी कुंकवाचा आणि तुझ्यासाठी हळदीचा. तुझा ठिपका त्यांच्या थोडा पुढं आला. म्हणजे तुझा माईक हळू बोलणारा आहे. तो काही गुन्हा नव्हे.

दुसरं नागूबाईचं. पहिल्या ओवीला ती ताजी असते, पुढं दम लागतो. जो माईक आधी त्याचं फावतं. बैलजोडी पारखताना आपण काय करतो? एकदा उजवा, एकदा डावा, जू बदलून बघतो. तसंच करायचं. एक ओवी ह्याच्यात, दुसरी त्याच्यात, मग फिरवून आधी त्याच्यात, मग ह्याच्यात.

तिसरी गोष्ट मला सुचलीच नव्हती, ती नागूबाईनं दाखवली. चकचकीत माईक पुढं आला की ती पदर सावरते, हात जोडते आणि देवळात गावं तसं ताठ गाते. तुझा आला की मांडी मोडून जवळ सरकते आणि आडावर शेजारणीशी बोलावं तसं गाते. मी म्हणाले, “अगं, असं का?”

“अक्का, त्यो सायेब हाय. ह्यो आपला हाय.”

झालं! तुझ्यासाठी हे गोड आहे, पण परीक्षेत हीच लबाडी. मग एकाच मलमलीचे दोन तुकडे फाडले आणि दोन्ही माईकांना सारख्या टोप्या शिवल्या. आता नागूबाईला सायेब कुठला आणि आपला कुठला कळत नाही.

चौथं, ऐकणाऱ्यांचे डोळे. टेप वाजवायचा तेव्हा मध्ये अंतरपाट धरायचा. कुठली ओवी कुठल्या माईकची हे एकट्या गुरुजींना ठाऊक, आणि ते पलीकडं. ऐकणारे अलीकडं, त्यांनी फक्त बोट वर करायचं, पहिली का दुसरी. तुझे अण्णा ऐकणाऱ्यांत आहेत. बाबूराव लगेच म्हणाले, “भाऊच पंच? मग निकाल लागलाच की.”

मी म्हणाले, “तुमीबी बसा की पंचांत. अंतरपाटाआड नवरदेवालासुद्धा नवरी दिसत न्हाय, तुमी कोण लागून गेला?”

बसतो म्हणाले.

पाचव्या गोष्टीवर गुरुजी आणि मी बराच वेळ बोललो. चांगला म्हणजे काय? गोड वाटतो तो, का नागूबाईसारखा वाटतो तो? गुरुजी म्हणाले, “आपल्याला तिचा गळा ठेवायचाय, गळ्यावरचा दागिना नाही.” म्हणून सिदूलाही बसवायचं ठरलं. तिचा आवाज त्याच्याइतका कुणी ऐकलाय? पंचांना प्रश्न एकच विचारायचा, नागूबाई खरी कुठं बसलीय?

दसऱ्यानंतरचा शनिवार धरला आहे. आमच्याकडं दुकान धुवायला काढलंय. तुझा माईक फडक्यात गुंडाळून फळीवर आहे. मी त्याला हात लावत नाही. लावला तर म्हणतील बाईनं मंत्र घातला.

अक्का

लोहारा, १८ ऑक्टोबर १९६४

शरणू,

काल परीक्षा झाली. कळवा म्हणालास म्हणून कळवते. तुझ्या बाजूला एकही बोट वर झालं नाही.

गोड बोलून सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं. आवाज कोंदट होता, रजईत तोंड घालून कुणी गावं तसा. सिदू म्हणाला, “म्हातारी घागरीत बसून गायली का वं?” सगळे हसले, नागूबाईसुद्धा. गुरुजी बुधवारी समितीपुढं निकाल ठेवणार आहेत.

पण थांब, गिरणीला अजून हो म्हणू नको. मला एक गोष्ट खुपते आहे.

काल माईक टोप्यांसकटच मांडले होते, गाण्याआधी घड्याळ वाजवून पायली भरत होतो. बाबूरावांचा माईक कुंकवाच्या ठिपक्यावर नेमका बसला. तुझ्या माईकचं बटण हळदीचा ठिपका ओलांडून पुढं गेलं. थोडं नव्हे, चांगलं पुढं गेलं, तेव्हा कुठं काटा खुणेवर आला. माणसं खोळंबली होती, मी गप्प बसले. रात्रभर तेवढंच डोक्यात. घड्याळ तेच, जागा तीच, सेल तेच. तालमीत जो नीट बोलत होता त्याचा घसा दसऱ्यात कशानं बसला? माणसासारखा माईक काही रुसत नाही.

हे संपवून टोपी काढून बघते. आधी पत्र टाकते, म्हणजे मला नंतर लपवता येणार नाही.

अक्का

लोहारा, २३ ऑक्टोबर १९६४

शरणू,

जे सांगू नको म्हणून मला बजावलं आहे, ते सांगते.

मलमलीची टोपी काढून माईक उन्हात धरला. जाळीचं एकेक भोक पांढरं. आधी वाटलं चुना, मग बोटानं खरवडून हुंगलं. भस्म होतं, पाण्यात कालवून लावलेलं आणि वाळून खडखडीत झालेलं. तीन बोटांचे तीन पट्टे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

खंडेनवमीला मी आत पुरणाची होळगी करत होते. बाहेर दुकानात पूजा मांडली होती. भोंगे, बॅटरी, पक्कड, वायरची वेटोळी. भोंग्याला भस्म लावलं तर पत्र्यावर बसतं, पक्कडीला लावलं तर लोखंडावर. जाळीला लावलं तर ते भोकात जाणार नाही तर कुठं जाणार? आणि शरणू, ते वरवर टेकवलेलं नव्हतं. चांगलं दाबून लावलेलं होतं.

मी माईक घेऊन ह्यांच्यापुढं उभी राहिले. “हे कुणी केलं?”

“खंडेनवमी व्हती.”

“म्हणून?”

“हत्याराला भस्म लावायला कुणाला इचारावं लागतंय व्हय?”

“हत्यार?” मी म्हणाले. “त्ये तर खेळणं व्हतं न्हवं?”

चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परसात गेले. परत आले ते म्हणाले, “शरणूला लिहू नको.” बघ, त्यांच्या तोंडून तुझं नाव आलं.

आता मी पेचात. पुन्हा परीक्षा मागावी तर लोक म्हणणार, हरल्यावर पट उधळला. मी माझ्या मनाला विचारलं, भस्म असूनही शरणूचा जिंकला असता तर तू उठून सांगितलं असतंस का? मन लगेच हो म्हणेना. पण मग भरलेली पायली पुढं आली. एका मापात खडा सापडला तर ते माप कुणाचं का असेना, रितं करून पुन्हा भरायचं. म्हणून मीच समितीच्या बैठकीत गेले आणि सगळ्यांपुढं माईक ठेवला.

बाबूराव उसळले. “वा रे लोहारा! हरलं की देवाला मधी घालायचं?”

तेवढ्यात दारातनं आवाज आला. मला ठाऊकच नव्हतं की हे माझ्या मागोमाग आलेत. हातात भस्माची वाटी.

“वाद कशाला? बाबूरावांच्या माईकलाबी तीन बोटं लावू. म्हंजी दोन्ही सारखे. परीक्षा हाय तशी ऱ्हाऊ द्या.” आणि बोटं पाण्यात बुडवली.

बाबूरावांनी माईक छातीशी धरला. “अहो महालिंगप्पा! अहो, विलायती जाळी हाय ती! बंद पडंल!”

खोलीत सगळे हसायला लागले आणि गुरुजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, “मग बाबूराव, दुसऱ्याची पुसू द्यायची ना?”

बाबूरावही शेवटी हसले. म्हणाले, “पुसा बाबा. आणि नीट पुसा, उगं मागनं कटकट नको.”

काल सकाळी ह्यांनी दाढीच्या नव्या ब्रशाचं पाकीट फोडलं. जाळी उलटी धरून भोक भोक झाडलं, लेकराच्या कानातला मळ काढावा तसं. मी घड्याळ वाजवलं. बटण हळदीच्या ठिपक्यावर आणलं आणि काटा खुणेवर येऊन उभा राहिला. केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

पुढची परीक्षा रविवारी. टोप्या त्याच, अंतरपाट तोच, पंच तेच.

अक्का

लोहारा, २६ ऑक्टोबर १९६४

शरणू,

आधी निकाल, मग बाकीचं. समितीनं बाबूरावांचा माईक घेतला.

आता सावकाश वाच, कारण ही हार मागच्यासारखी नव्हे.

नागूबाई सकाळीच आली, मेंढरं ओढ्यापलीकडं सुनेच्या हवाली करून. टोप्या घातलेल्या दोन्ही माईकांपुढं सारखीच बसली. ऐकताना पंचांत कुणी हसलं नाही. पहिल्या फेरीत बोटं जवळजवळ निम्मी निम्मी झाली. चढ्या ओवीत, लेकीला सासरी धाडतानाची ती ओवी आहे ना, तिच्यात तर सिदूनं तुझ्या वेळी बोट नुसतं वर केलं नाही, हात हलवला. नागूबाई माझ्या शेजारी होती. तिनं आपला आवाज नीट असा पहिल्यांदाच ऐकला. माझा दंड धरला आणि म्हणाली, “अक्का, ही म्या न्हाय. ही माजी माय गाती.” तो तुझा माईक होता. मलाही ते नंतर कळलं.

मग खालच्या सुरातली ओवी आली, पहाटे कळप उठवतानाची, छातीतनं निघणारी. तिथं तुझा माईक डगमगला. सूर खाली गेला की आवाज फाटल्यासारखा येतो, ओल्या पापडासारखा. बोटं दुसरीकडं गेली. फिरवून ऐकवलं तरी दुसरीकडंच गेली. नागूबाईच्या निम्म्या ओव्या त्या सुरात आहेत, त्यामुळं गुरुजींना दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मलाही नाही. पंचांत बसले असते तर मीही तेच बोट वर केलं असतं.

अंतरपाट खाली आला. गुरुजींनी कुठली ओवी कुणाची ते वाचून दाखवलं. ज्यांनी खालच्या सुरात तुझ्याविरुद्ध बोट वर केलं त्यांत तुझे अण्णा होते, दोन्ही वेळा. मी त्यांच्याकडं बघितलं. चेहरा उतरलेला. बाबूराव उठून जवळ आले आणि तुझा माईक हातात घेऊन म्हणाले, “महालिंगप्पा, तुमच्या भावाचा चढ्याला माझ्यापेक्षा बरा हाय. खोटं कशाला बोलू? मी सवता तिथं बोट वर केलं की.” गाळणी हा शब्द काल त्यांच्या तोंडी आला नाही.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. माईक पुढ्यात घेऊन बसले, पुन्हा पुन्हा ती खालची ओवी स्वतःच्या बसक्या आवाजात त्याच्यापुढं म्हणत. तू कधी ह्यांना गाताना ऐकलंस? मीही नव्हतं ऐकलं. मेंढरं असती तर पळाली असती. मग तळहातावर माईक ठेवून मला म्हणाले, “आतला पडदा सैल हाय. वरच्याला चालतंय, खालच्याला फडफडतोय. बाकी काम चोख हाय. डाग तर बघ कसा दिलाय, मोत्यावानी.”

“लिहू हे शरणूला?”

“लिही.”

“आणि माईक परत धाडू? नापास झाला तर कळवा म्हणाला होता.”

“धाडू नको.” तुझी पेटी त्यांनी स्वतःच फळीवर ठेवली, पक्कडीशेजारी. म्हणाले, “पडदा असा धाडून-बिडून आवळत न्हाय. नागूबाईच्या गळ्यापुढं बसून, ऐकत ऐकत आवळायला लागंल. संक्रांतीपतुर तिची मेंढरं हितंच हायती. शरणूला म्हणावं, नवा पडदा घिऊन ये.”

गिरणीचं तू तुझं ठरव. मी त्यात बोलत नाही. तुला न्याय हवा होता, तो मिळाला, आणि न्यायात हार असते तशी ही हार आहे. पुढचा शब्द माझा नाही, तुझ्या अण्णांचा आहे. ‘नवा पडदा धाड’ असं नाही म्हणाले, ‘घिऊन ये’ म्हणाले. जसा तोंडातनं आला तसा भरलाय. वर शीग लावलेली नाही.

अक्का